पाउचचे सिलेंडर बनायच्या आधी हँडल बघा

नाव ठरलं, लोगो झाला, घरच्या ग्रुपवर अंगठे आणि फुलं पण पडली, आणि मग कोणीतरी विचारतं, अगं इन्स्टावर काय नावाने शोधू? इथून पुढे जी पळापळ सुरू होते ती मी बऱ्याच जणींची बघितलीय. मी छोट्या गृहउद्योगांची लेबलं आणि पेजेस सांभाळते, मसाले, फराळ, लोणची, पैठणीच्या पर्सेस असलं सगळं, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी गाडी इथेच अडते. ते नाव, म्हणजे हँडल (@ च्या पुढचं, अकाउंट शोधायचं नाव), दुसऱ्याने घेतलेलं असतं. मग मागे अंडरस्कोर लाव, पुढे 'द' लाव, शेवटी 'ऑफिशियल' चिकटव.

छापील पाउच करणार असाल तर हे जास्तच महत्त्वाचं आहे. साधा पाउच घेऊन वर स्टिकर लावत असाल तर ठीक, नवीन स्टिकर छापता येतील. पण रोटोग्रॅव्हिअर छपाईत (कोरलेल्या सिलेंडरने पाउचवर छापतात ती) प्रत्येक रंगाचा वेगळा सिलेंडर बनतो, आणि एकदा बनला की त्यातलं एक अक्षर बदलायचं म्हटलं तरी त्या रंगाचा सिलेंडर नवा. शिवाय पाउच किलोंच्या हिशेबात उचलावे लागतात. म्हणून मी सरळ सांगते, आधी हँडल, मग लोगो, मग पाउच. लोकांना हा क्रम उलटा वाटतो पण खर्च बघितला की पटतं.

आता आपला मराठी लोकांचा खास घोळ. नाव आपण देवनागरीत ठरवतो आणि हँडल रोमन अक्षरात घ्यावं लागतं. (यूट्यूबवर देवनागरीतही हँडल घेता येतं, पण इन्स्टा आणि एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, नाही, त्यामुळे व्हायचं तेच होतं.) समजा 'आजीचा मसाला' घ्यायचंय. आजीला सुरुवातीला एक ए की दोन? 'चा' मध्ये एक ए की दोन? मसाल्याच्या शेवटी? तिथेच आठ स्पेलिंगं झाली, आणि प्रत्येक बरोबर. 'माझा' असेल तर कोणी झेड लिहितं, कोणी जे-एच, कोणी झेड-एच. ळ साठी तर रोमनमध्ये अक्षरच नाही, सगळे एल लिहून मोकळे होतात, त्यामुळे वाचणारा फराळाला फराल वाचतो. ज्याला मराठी येत नाही अशा गिऱ्हाइकाला तर ते नाव काय आहे हेच कळत नाही, आणि बेंगळुरूला किंवा दुबईला फराळ पाठवायचा असेल तर ते गिऱ्हाईक पण आपलंच आहे ना.

यावर मी एकच उपाय करते. ओळखीतल्या चारपाच जणांना फोन करायचा, वेगवेगळ्या वयाच्या, एखादी मावशी, एखादा कॉलेजातला मुलगा, आणि नाव फक्त तोंडी सांगायचं, स्पेलिंग अजिबात सांगायचं नाही, म्हणायचं हे इंग्रजीत टाइप करून मला व्हॉट्सअॅप कर. जे स्पेलिंग जास्त जणांनी पाठवलं ते आपलं हँडल. तुम्हाला कोणतं आवडतं किंवा लोगोत कोणतं छान दिसतं याला काही अर्थ नाही, कारण टाइप तुम्ही करणार नाही आहात. दोन नंबरला जे स्पेलिंग आलं ते पण घेऊन ठेवायचं, त्यावर एक फोटो टाकायचा आणि बायोमध्ये मुख्य अकाउंटचं नाव लिहायचं. आणि पाचही जणांनी पाच वेगळी स्पेलिंगं पाठवली तर नावावरच परत बसायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. बायका नाराज होतात, चालतं.

लांबीचं पण गणित आहे. इन्स्टावर ३० अक्षरं चालतात, यूट्यूबवर ३ ते ३०, टेलिग्रामवर ५ ते ३२, फेसबुक पेजला किमान ५ लागतात, आणि एक्सवर मात्र जास्तीत जास्त १५. एक्सवर टिंबही चालत नाही, फक्त अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर. म्हणजे सगळीकडे एकच नाव पाहिजे तर ५ ते १५ च्या मध्ये, टिंब नाही आणि शक्यतो नुसती अक्षरं. आता आपल्याकडची नावं बघा. 'श्री स्वामी समर्थ' एवढंच रोमनमध्ये लिहिलं, श्रीचं नेहमीचं एस-एच-आर-आय स्पेलिंग धरलं, तर १६ अक्षरं होतात. गृहउद्योग तर अजून पुढेच आहे! तुम्ही म्हणाल आम्हाला एक्सवर कुठे जायचंय मसाला विकायला. बरोबर आहे, नका जाऊ, पण १५ च्या आत बसलेलं नाव लेबलवर सुटसुटीत दिसतं आणि लक्षात पण राहतं, म्हणून मी तीच मर्यादा धरते.

टिंबाची अजून एक गंमत. इन्स्टावर मध्ये टिंब असलेलं नाव आणि टिंब नसलेलं नाव ही दोन वेगळी अकाउंट असतात, फेसबुक पेजच्या युजरनेममध्ये मात्र टिंब धरतच नाहीत. म्हणजे तुमच्या नावात एक टिंब घुसवून कोणीही इन्स्टावर जुळा भाऊ उभा करू शकतो, फोटो तुमचेच उचलतो आणि ऑर्डरचे पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेतो. दिवाळीच्या आधी हे प्रकार होतात. म्हणून तुमचं नाव दोन शब्दांचं असेल तर मधलं टिंबवालं आणि अंडरस्कोरवालं व्हर्जन पण आपल्याकडे असलेलं बरं.

नाव मोकळं आहे का हे बघताना बरेच जण ब्राउझरमध्ये लिंक टाकतात, पेज सापडत नाही असं आलं की खूश. तसं नसतं. ते अकाउंट तात्पुरतं बंद केलेलं असू शकतं किंवा कंपनीने बंद पाडलेलं असू शकतं, पेज दिसत नाही पण नाव मोकळं होत नाही. एकाच वेळी पन्नास साइटवर नाव शोधून देणाऱ्या वेबसाइट आहेत, त्या पहिल्या चाळणीला ठीक आहेत पण त्यांनी दाखवलेली 'मोकळं आहे'ची हिरवी खूण मी अंतिम धरत नाही. खरी परीक्षा एकच, अॅपमध्ये जाऊन नवीन अकाउंट उघडताना ते नाव टाकून बघायचं, घेतलं तर घेतलं. आणि घेतलं की लगेच ठेवून घ्यायचं, घरी विचारून उद्या करते असं नाही. फक्त एकाच फोनवरून एका दमात धडाधड पाचसहा अकाउंट उघडू नका, सिस्टिमला ते स्पॅम वाटतं आणि नवीन अकाउंट सुरुवातीलाच लॉक होऊन बसतं.

नाव गेलेलंच असेल तर मागे काय जोडायचं? 'ऑफिशियल' मला अजिबात आवडत नाही. खोटं अकाउंट काढणारा पण तेच जोडतो, मग गिऱ्हाइकाने ओळखायचं कसं? त्यापेक्षा गावाचं नाव चांगलं, पुणे, सांगली, नाशिक, किंवा धंद्याचं, फूड्स, मसाले, साडीज. गावाचं नाव असलं की लोकांना लगेच विश्वास वाटतो, आणि शेजारीपाजारी शोधणाऱ्यांना पण सापडतं. आकडे नकोत. लग्नाचं साल, गाडीचा नंबर, लकी नंबर, काही नको, फोनवर सांगताना वाट लागते.

इथपर्यंत झालं ते नुसतं हँडल मिळवण्याचं. पण हँडल मिळालं म्हणजे नाव आपलं झालं असं समजू नका, कारण हँडल हे शेवटी कंपनीचं. २०२३ च्या जुलैमध्ये ट्विटरचं एक्स झालं तेव्हा एक्स या एका अक्षराचं हँडल सॅन फ्रान्सिस्कोच्या एका फोटोग्राफरकडे होतं, २००७ पासून. कंपनीने ते सरळ काढून घेतलं, पैसे दिले नाहीत, बदल्यात काय तर कंपनीच्या नावाच्या वस्तू आणि ऑफिस बघायचं आमंत्रण. नियमात बसत होतं सगळं.

डोमेनचं, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं, थोडं बरं असतं, दरवर्षी भाडं भरलं की ते तुमच्याकडे राहतं. जिओहॉटस्टारचा किस्सा आठवत असेल. दिल्लीच्या एका डेव्हलपरने जिओ आणि हॉटस्टार एकत्र येतील असा अंदाज बांधून आधीच ते डॉट कॉम घेऊन ठेवलं आणि २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यावर पत्र टाकलं की माझ्या केंब्रिजच्या शिक्षणाचा खर्च द्या. मग ते दुबईतल्या दोन भावंडांकडे गेलं, बातम्यांना ऊत. एवढी मोठी कंपनी आणि नाव आधी कोणीतरी घेऊन बसलेलं! आपल्यासाठी यातलं घेण्यासारखं एवढंच की डॉट इन तरी त्याच दिवशी घ्या, वेबसाइट कधी का होईना.

आणि खरा हक्क पाहिजे तर ट्रेडमार्क, म्हणजे नावाची सरकारी नोंदणी. इथे लोक घाबरतात, वकील, कोर्ट, लाखभर रुपये. तसं नाहीये. एकटी व्यक्ती किंवा छोटा उद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका क्लासला ४,५०० रुपये आहे, मोठ्या कंपन्यांना ९,०००. क्लास म्हणजे मालाचा प्रकार, एकूण ४५ आहेत, मसाले ३० मध्ये, कपडे २५ मध्ये. नोंदणी १० वर्षांची, मग परत वाढवायची. अर्जाच्या आधी आयपी इंडियाच्या (ट्रेडमार्क नोंदवणाऱ्या सरकारी ऑफिसच्या) साइटवर फुकट शोधता येतं की त्या क्लासमध्ये तसलं नाव कोणाचं आहे का, आणि हा शोध तर हँडल बघता बघताच करावा. अर्ज केला की नावापुढे टीएम (ट्रेडमार्क) लिहायला हरकत नाही, पण गोलातला आर नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, तो गुन्हा आहे, आणि आपल्याकडे डिझायनर पोरं छान दिसतं म्हणून बिनधास्त लावून देतात.

सगळीच नावं मिळत नाहीत. 'शुद्ध लाकडी घाणा तेल' हे नाव नाहीच, ते मालाचं वर्णन आहे, त्यावर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. देवाधर्माच्या नावांचं पण अवघड. उदबत्तीसाठी 'रामायण' नाव मागणाऱ्याला सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये नाही म्हटलं, धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एकाची मक्तेदारी नाही. म्हणून श्रद्धा असली तरी ब्रँडसाठी काहीतरी वेगळं, आपलं असं नाव शोधा, हे मी सांगते तेव्हा सासूबाई लोक माझ्याकडे कसे बघतात ते विचारू नका.

नावाचं भांडण किती लांबतं हे पुणेकरांना सांगायला नको. पुण्यात बर्गर किंग नावाचं हॉटेल अमेरिकेवाल्या कंपनीने भारतात पहिलं दुकान उघडायच्या कितीतरी आधीपासून आहे, कंपनी आली २०१४ मध्ये. कंपनीने केस टाकली २०११ मध्ये, पुण्याच्या कोर्टाचा निकाल लागला २०२४ मध्ये, हॉटेलच्या बाजूने, आणि तरी संपलं नाही, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हायकोर्टाने अंतरिम आदेश देऊन नाव वापरायला बंदी घातली, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात. आधीपासून वापरतोय हा मुद्दा कायद्यात चालतो, पण तो सिद्ध करायला जुनी बिलं, मेन्यू कार्डं, जाहिराती लागतात. तुमचं पहिलं लेबल, पहिलं बिल, पहिली पोस्ट, सगळ्याचे फोटो तारखेसकट एका फोल्डरमध्ये ठेवून द्या.

इन्स्टावर तुमचं नाव कोणी वापरलं तर ट्रेडमार्कची तक्रार करायचा फॉर्म आहे, त्यात नोंदणी नंबर विचारतात, तो असला की काम सोपं. पण त्याच नावाने कोणी नागपुरात नाचाचे क्लास चालवत असेल तर तुमचा मसाला आणि त्याचा नाच यांचा संबंध नाही, त्याचं हँडल तुम्हाला मिळणार नाही. छान मेसेज करून विचारून बघा, अकाउंट पडून असेल तर कोणी कोणी देतात पण. पैसे देऊन मात्र इन्स्टाचं हँडल विकत घेऊ नका. नियमात बसत नाही, आणि समोरचा पैसे घेऊन गायब झाला किंवा महिन्याभराने त्याच्या जुन्या ईमेलवरून अकाउंट परत खेचलं तर तक्रार कुठे करणार?

सगळ्यात जास्त अकाउंट जातात ती मात्र भांडणात नाही, घरातच. अकाउंट भाच्याने काढलेलं असतं, त्याच्या फोन नंबरवर, त्याच्या कॉलेजच्या ईमेलवर. भाचा जर्मनीला जातो, सिम बंद होतं, आणि बंद झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्याच कोणाला देते. मग ओटीपी जातो त्या अनोळखी माणसाकडे. म्हणून धंद्याचं वेगळं ईमेल, धंद्याचं सिम, त्यात रिचार्ज चालू, टू फॅक्टर (पासवर्डनंतरचा दुसरा कोड) अॅपवरून चालू करायचं एसएमएसवर विसंबून नाही, आणि बॅकअप कोड कागदावर लिहून कपाटात, जिथे एफएसएसएआयचं (खाद्यपदार्थांच्या परवान्याचं) सर्टिफिकेट ठेवता तिथेच. पेज सांभाळणारीला, म्हणजे मला पण, मुख्य पासवर्ड देऊ नका. फेसबुक पेजला वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळे अधिकार देता येतात, ते वापरा. कॉपीराइटचा भंग झालाय, २४ तासात लिंकवर क्लिक करा असा मेसेज इनबॉक्समध्ये आला की तो चोरच, कंपनी असं डीएम करून बोलावत नाही.

आणि एवढं करून नंतर हँडल बदलायचंच ठरलं तर जुनं नाव सोडताना जपून. इन्स्टा ते बहुतेक वेळा १४ दिवसच राखून ठेवतं, नंतर कोणीही उचलू शकतं, आणि तुमच्या पाउचवर, विजिटिंग कार्डवर, जुन्या गिऱ्हाइकांच्या स्टोरीत तेच नाव असतं. नाव बदललं की लगेच दुसऱ्या फोनवरून जुन्या नावाचं अकाउंट काढायचा प्रयत्न सुरू करा, पहिल्या दिवशी देणार नाही, पण रोज एकदा टाकून बघत राहा.