काकींची सुरमई, चाचांचा फ्रीझर

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. सकाळचे दहा वाजून गेले होते. ठाकुरद्वारच्या मागच्या गल्लीत, एका मालवणी खानावळीच्या स्वयंपाकघरात मी डीप फ्रीझरच्या मागे उकिडवा बसलो होतो. मागचं पत्र्याचं कव्हर काढून ठेवलेलं, नळ्यांतली हवा शोषून काढणारा व्हॅक्यूम पंप नुकताच सुरू केलेला. मॅनिफोल्डचा, म्हणजे दाब दाखवणाऱ्या मापकाचा, काटा शून्याखाली उतरायला लागला आणि पंपाचा आवाज बसला. डोक्यावरचा पंखाही मंदावला. माझा हात आपोआप मॅनिफोल्डच्या व्हॉल्व्हवर गेला. पंप असा मध्येच थांबला आणि व्हॉल्व्ह उघडा राहिला, तर पंपातलं तेल उलटं फ्रीझरच्या नळ्यांत ओढलं जातं. व्हॉल्व्ह आवळला आणि मग वर बघितलं. दारात खानावळीच्या मालकीण काकी उभ्या होत्या.

“झिला, लाइट गेली?”

मी गेली बावीस वर्षं हॉटेलांचे फ्रीझर, चिलर, बर्फाची यंत्रं दुरुस्त करतो. माझा इलाखा लहान आहे. गिरगाव, काळबादेवी, धोबी तलाव, भेंडी बाजार. तासाभरात पायी फिरून होतो. पण त्या तासाभराच्या वाटेत मालवणी खानावळ आहे, गुजराती थाळीचं भोजनालय आहे, उडुपी आहे, इराणी आहे, गोव्याच्या आंटीचं चार टेबलांचं दुकान आहे आणि मोगलाई हॉटेलं आहेत. यांतल्या प्रत्येकाच्या फ्रीजमध्ये मी डोकं घातलेलं आहे. गिऱ्हाइकाला मेनूकार्ड दिसतं, मला आतले कप्पे दिसतात.

त्या दिवसाच्या आधीचे काही आठवडे माझ्यासाठी फार वाईट गेले होते. काम नव्हतं म्हणून नाही, उलट कामाला तोटा नव्हता. मार्चपासून हॉटेलं बंद, फक्त पार्सल. ५ ऑक्टोबरला निम्म्या खुर्च्यांवर बसवायला परवानगी मिळाली. त्याआधी प्रत्येकाला यंत्रं सुरू करून हवी होती. सहा-सात महिने दार घट्ट लावून बंद ठेवलेला फ्रीज उघडला की जो वास येतो तो मास्कमधूनही डोक्यात जातो. गॅस्केटच्या, म्हणजे दाराच्या रबरी पट्टीच्या, घड्यांत काळी बुरशी. कॉम्प्रेसरच्या खोबणीत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. अर्धे कामगार गावी अडकलेले, त्यामुळे मालकच हातात फडकं घेऊन बसलेले. बंद ठेवायचा असेल तर दारात फडक्याचा बोळा अडकवून ते किलकिलं ठेवा, आत हवा खेळू द्या, हे मी किती जणांना सांगितलं असेल देव जाणे. मार्चमध्ये ते सांगायला कुणाला वेळच मिळाला नव्हता.

काकींचा फ्रीझर रविवारी रात्री बसला. ११ ऑक्टोबर हा हॉटेलं उघडल्यानंतरचा पहिला रविवार. गर्दी होईल या आशेने त्यांनी शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून उधारीवर माल आणला होता. गर्दी झाली नाही. लोक अजून घाबरलेले होते, त्यात अधिक महिना चालू, सहा दिवसांवर घट. त्यामुळे बारा किलो सुरमई, थोडा हलवा मासा आणि कोलंबीच्या पाच-सहा पिशव्या शिल्लक राहिल्या. तो सगळा माल बुधवारी विकायचा होता. सोमवारी त्यांच्याकडे काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे.

मी सकाळी आठला पोचलो. साबणाचा फेस लावल्यावर फिल्टर ड्रायरच्या, म्हणजे गॅसमधली ओल आणि कचरा धरणाऱ्या डबीच्या, सांध्याला बुडबुडे आले. उरलासुरला गॅस काढला, ड्रायर कापून नवा बसवला, सांधा सिल्व्हर रॉडने जोडला, नायट्रोजनच्या दाबाखाली तपासला. मासे तोवर थर्मोकोलच्या खोक्यांत बर्फाखाली काढून ठेवले होते. “दीड तासात चालू करून देतो,” असं मी काकींना सांगितलं होतं. आता राहिलं होतं व्हॅक्यूम करणं आणि गॅस भरणं. आणि व्हॅक्यूम पंप विजेवर चालतो.

म्हणजे इतरांचे फ्रीझर वीज गेली तरी निदान गार होते. काकींचा मी स्वतःच्या हाताने उघडून ठेवला होता.

पहिल्या दहा मिनिटांत गल्लीतली वीज गेली असं वाटलं. मग लोकल थांबल्याचं कळलं. मग कुणीतरी म्हणालं, ठाण्यालाही नाही, नवी मुंबईलाही नाही. मुंबईची अख्खी वीज जाणं आम्हाला माहीतच नाही. बाहेरून पुरवठा तुटला तर शहर स्वतःपुरतं वेगळं होऊन चालू राहावं, अशी व्यवस्था इथे अनेक वर्षांपासून आहे. त्या दिवशी ती चालली नाही. कळवा-पडघा भागातल्या उच्चदाब वाहिन्यांवर बिघाड झाला होता हे संध्याकाळच्या बातम्यांत कळलं. सकाळी एवढंच कळत होतं की ती दहा मिनिटांत येईल की उद्या, हे कुणालाच सांगता येत नाही.

माझा फोन वाजायला लागला. सगळ्यांना एकच सांगितलं. दार उघडू नका. भरलेला डीप फ्रीझर दार बंद ठेवलं तर दोन दिवस धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, साधा फ्रीज चार तास. दर वेळी उघडून बघाल तर यातलं काही खरं नाही. आणि सगळ्या यंत्रांचे प्लग काढून ठेवा. वीज आली की पाच मिनिटं थांबा, मग एकेक लावा. भोजनालयातल्या महाराजांना हे दोनदा सांगावं लागलं, त्यांच्याकडे चक्का टांगलेला होता आणि त्यांचा जीव त्यात अडकला होता. मग नेटवर्कच गेलं.

बर्फाची लादी आणायला माझा पोऱ्या पळाला. अर्धी लादी घेऊन आला. हॉटेलंच बंद, तर बर्फवाला माल कशाला ठेवेल? आणि जो होता त्यावर आधीच झुंबड पडलेली. अर्ध्या लादीत बारा किलो सुरमई, ऑक्टोबरच्या उकाड्यात, गॅसच्या दोन शेगड्या पेटलेल्या खोलीत. दोन-तीन तास निघाले असते. पुढचं मला दिसत नव्हतं.

काकी मोठ्या आवाजात काही बोलल्या नाहीत. खोक्याचं झाकण उघडून त्यांनी एका तुकडीवर अंगठा दाबला. अजून दगडासारखी होती. “माका खरा सांग,” त्या म्हणाल्या, “टिकतले मां?”

मी म्हणालो, इथे ठेवले तर नाही.

जनरेटर असलेली माझी दोनच गिऱ्हाइकं होती. एक काळबादेवीचं उडुपी हॉटेल. तिथे जागाही होती, पण शुद्ध शाकाहारी स्वयंपाकघरात सुरमई ठेवाल का, हे मी अण्णांना विचारणारही नव्हतो. दुसरे भेंडी बाजारातले चाचा. त्यांचं मोगलाई हॉटेल आहे. त्यांच्याकडे दोन मोठे डीप फ्रीझर, त्यातला एक फक्त रमजानसाठी घेतलेला. त्या वर्षी रमजान अख्खा लॉकडाऊनमध्ये गेला. महंमद अली रोडवरचा रात्रीचा बाजार लागलाच नाही. तो फ्रीझर वर्षभर रिकामा होता आणि आठवड्यापूर्वीच मी तो साफ करून, चालवून बघितला होता.

फोन लागेना. स्कूटर काढली. सिग्नल बंद, सी. पी. टँकपासून गाड्या एकमेकांत अडकलेल्या, हातगाडीवाले मधेच थांबून लोकांना वाट करून देत होते. एरवी दहा मिनिटांची वाट, त्या दिवशी अर्धा तास लागला.

चाचा गल्ल्यावर बसले होते. मागे जनरेटरचा धडधडाट. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, “किस की मच्छी है?” मी म्हटलं, गिरगावात एक काकी आहेत, खानावळ चालवतात, फ्रीझर मी उघडून ठेवलाय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “हमारे यहाँ बड़े का गोश्त रहता है, उनको बोला?”

बड्याचं गोश्त म्हणजे म्हशी-रेड्याचं मांस. हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मला गार डबा दिसत होता, माणसं दिसत नव्हती.

“पहले उनको बोलो,” चाचा म्हणाले. “उस मशीन में हमारा कुछ नहीं जाएगा, खाली ही पड़ी है. गरम पानी से धुलवाता हूँ. उसकी चाबी अलग है, चाबी वो अपने पास रखें.” आणि त्यांनी आत हाक मारली. एक पोरगा उकळत्या पाण्याचं पातेलं घेऊन आला. सोडा टाकून त्याने आतून-बाहेरून घासायला सुरुवात केली. मी निघालो तेव्हा तो कापलेलं लिंबू घेऊन गॅस्केटच्या घड्या पुसत होता. गॅस्केट पुसायचं त्याला मी सांगितलं नव्हतं. आठवड्यापूर्वी मला करताना त्याने पाहिलं होतं.

परत आलो आणि काकींना चाचांचे शब्द जसेच्या तसे सांगितले, बड्याच्या गोश्तासकट. लपवलं असतं तर मासे वाचले असते, पण मग त्या खानावळीत पुन्हा पाय ठेवताना मला माझीच लाज वाटली असती. काकींनी पदराने कपाळ पुसलं. मागे देवाच्या फळीवर सोमवारचा बेल वाहिलेला होता, तिकडे एकदा बघितलं. मग म्हणाल्या, “माणूस आपणहून सांगता हा, तेव्हा खोटा करूचो नाय. चल.” आणि स्वतः चपला घातल्या.

काळी-पिवळी मिळाली. डिकीत दोन खोकी, काकींच्या मांडीवर कोलंबीचं तिसरं. वाटेत मी एक पाच किलोची मिठाची गोणी घेतली. रिकामा फ्रीझर नीट थंड व्हायला तास-दीड तास घेतो, तोवर बर्फाकडून काम करून घ्यायचं होतं. हे मी भेंडी बाजारातच शिकलो. तिथे ताज आइसक्रीमवाले १८८७ पासून आहेत आणि आजही त्यांचं आइसक्रीम लाकडी संचात, हाताने फिरवून होतं. भांड्याभोवती बर्फ आणि मीठ. मिठाने बर्फ वितळतो आणि वितळता वितळता शून्याच्या बराच खाली उतरतो. विजेचा त्यात काही संबंध नाही. आम्ही मासे दुहेरी पिशव्यांत घट्ट बांधले, खारं पाणी आत जाऊ नये म्हणून तोंडं वर ठेवली, भोवतीने फोडलेला बर्फ आणि मीठ. काकींनी तळाला घरून आणलेली केळीची पानं पसरली होती. चाचांनी दुरूनच सलाम केला आणि चावी गल्ल्यावर काकींच्या समोर ठेवली. काकींनी ती कनवटीला लावली. बोलणं झालं ते एवढंच की चाचांनी चहा मागवला आणि त्या नको म्हणाल्या, कारण सोमवार होता. मग त्यांच्यासाठी केळी आली.

काकी टॅक्सीने घरी गेल्या, मी धोबी तलावाकडून निघालो. तिथे इराण्याकडे सेठ दूध समोर मांडूनच बसलेले. चाळीस लिटर दूध, लोण्याच्या लाद्या, आणि काचेच्या वाट्यांत कॅरामल कस्टर्ड. कयानी १९०४ चं, ससानियन १९१३ चं. त्या नाक्यावरच्या इराण्यांनी दोन महायुद्धं बघितली, पण सेठ म्हणाले की हे सहा महिने त्याहून जड गेले. मी अण्णांचा नंबर फिरवला आणि या वेळी लागला. “दूध आण, लोणी आण, भोजनालयाचा चक्का पण आण,” अण्णा म्हणाले, “अंडं तेवढं नको.” जनरेटरवर त्यांचा चिलर चालत होता, ग्राइंडर नाही. वाटलेलं पीठ उकाड्याने फुगून वर यायला लागलं होतं. “आंबलं तर उत्तप्पे काढू,” असं म्हणून त्यांनी खालचा अख्खा कप्पा रिकामा करून दिला.

अंडी बाहेर राहतात, त्यांची काळजी नव्हती. कस्टर्डमध्ये मात्र अंडं असतं. ते अण्णांकडे जाऊ शकत नव्हतं. सेठनी वाट्या ट्रेमध्ये लावल्या आणि नाक्यावर हाताने गाड्या सोडणाऱ्या पोलिसांना नेऊन दिल्या.

सोनापूर गल्लीजवळच्या आंटींकडे मी शेवटी गेलो. त्यांच्याकडे डुकराचं मांस असतं. चाचांचं नाव मी काढायच्या आत त्याच म्हणाल्या, “माझं त्यांच्याकडे नको नेऊस हां. विचारूसुद्धा नकोस.” सोरपोतेल परवाच शिजवलेलं होतं, व्हिनेगरमध्ये मुरलेलं. तिसऱ्या दिवशी ते जास्त लागतं, असं त्या नेहमी सांगतात. चोरीस, म्हणजे गोव्याचे डुकराच्या मांसाचे सॉसेज, तर दोरीला टांगलेलेच होते. ज्यांना मी सगळ्यात शेवटी ठेवलं होतं, त्यांना माझी गरजच नव्हती.

दुपारी आमच्या भागात वीज परतली. लोकलही तोवर हळूहळू सुरू झाल्या होत्या. उपनगरांत काही ठिकाणी लोकांना संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं. भोजनालयात पोरांनी आनंदाच्या भरात सगळे प्लग एकदम लावले आणि एका चिलरचा कॅपॅसिटर गेला. तो बदलून मी थेट ठाकुरद्वारला आलो. व्हॅक्यूम पुन्हा पहिल्यापासून, पाऊण तास. मग वजन काट्यावर ठेवून गॅस भरला. संध्याकाळी सातला काटा उणे १८ वर स्थिरावला, तेव्हा काकींनी मला जेवायला बसवलं.

मंगळवारी सकाळी मासे परत आणले. पिशव्या सोडल्या तेव्हा तुकड्या एकमेकींना चिकटलेल्या, काचेसारख्या कडक. बुधवारी दुपारी काकींचा डबा घेऊन मी भेंडी बाजारात गेलो. रव्यात तळलेल्या सुरमईच्या आठ तुकड्या, वर केळीचं पान, आणि रुमालाच्या गाठीत फ्रीझरची चावी. भाडं चाचांनी घेतलं नाही, मीही काकींकडून मजुरी घेतली नाही. त्यावरून त्या माझ्याशी आठवडाभर भांडत होत्या.

चाचांनी चावी गल्ल्यामागच्या खिळ्याला लावली. तो फ्रीझर पुढे कित्येक महिने रिकामाच होता. निघताना मी त्याचा प्लग काढला, दार उघडलं, आणि फडक्याचा बोळा करून बिजागरीपाशी अडकवला.