फेस मारायचा की डिस्क बदलायची?

सप्तशृंगी गडावरून नांदुरीपर्यंत गिअर न घालता, नुसत्या ब्रेकवर उतरवलेली गाडी. नाशिकला आल्यावर ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरायचं. मालकांचं म्हणणं एकच : "दादा, अंबडला लेथवर फेस मारून आणा, नव्या डिस्क कशाला?"

फेस मारायला, म्हणजे डिस्कचा पृष्ठभाग लेथवर कापून सपाट करायला, माझी ना नाही, पण आधी माप. ही डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी, ब्रेकचे पॅड जिला आवळतात ती चकती, नवी असताना 22 मिमी जाड, किमान जाडी 20. तो आकडा डिस्कवरच असतो. साधा व्हर्नियर इथे फसवतो, कारण तो कडेच्या न झिजलेल्या कंगोऱ्यावर टेकतो. म्हणून मायक्रोमीटर, कडेपासून 12 मिमी आत, आठ ठिकाणी. डावी सगळीकडे 21.3. उजवी 20.58 ते 20.64. एवढा 0.06 चा फरक थरथरीला पुरतो. त्यात आतल्या बाजूला 0.3 खोल चर, बाहेरून 0.2. दोन्ही साफ कापले तर हातात उरते 20.08, म्हणजे पॅडचा पुढचा सेट निम्मा व्हायच्या आत डिस्क बाद.

शिवाय उजवीवर निळे डाग होते. तिथलं बीड, म्हणजे डिस्कचं ओतीव लोखंड, तापून कडक होतं. लेथवर रंग जातो, कडक भाग मात्र आत राहतो. बाकीचं झिजतं, तो झिजत नाही, आणि थरथर परत येते. उजवी बदलायचीच. डावीला फेस मारता आला असता, पण एका एक्सलवर एक जुनी, एक नवी मी बसवत नाही.

नुसत्या डिस्क बदलून गाडी देणं मात्र चूक ठरलं असतं. पॅड डिस्कवर दाबतो तो कॅलिपर. उजव्या कॅलिपरची खालची स्लायडर पिन, ज्यावर तो सरकतो ती, जाम होती, म्हणून आतला पॅड सतत घासत होता. डिस्क चारही नटांनी आवळून डायल गेज लावला तर रनआउट, म्हणजे फिरताना डिस्कचं डुगडुगणं, 0.14. डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवली. उंचवटा हबच्या (डिस्क ज्यावर बसते त्या भागाच्या) त्याच स्टडपाशी, म्हणजे नट बसतो त्या खिळीपाशी, राहिला. म्हणजे दोष हबचा. स्टडच्या मुळाशी गंजाचा थर होता. वायर ब्रश आणि एमरीने तो काढल्यावर नवी डिस्क 0.04 वर फिरली. हा गंज तसाच ठेवला तर नवी कोरी डिस्कही काही हजार किलोमीटरमध्ये कुठे जाड, कुठे पातळ होते, आणि दोष डिस्कच्या कंपनीवर जातो.

पिन साफ करून सिलिकॉन ग्रीस, रबरी बूट नवे, पॅडचा सेट नवा. डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसलं. चाकाचे नट टॉर्क रेंचने, समोरासमोर आवळले. इम्पॅक्ट गनने कमीजास्त आवळले तरी डिस्क वाकडी बसते.

मग रिकाम्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबाने आठ-दहा वेळा ब्रेक, मध्ये थोडं थंड होऊ द्यायचं. गरम असताना ब्रेक दाबून गाडी उभी ठेवायची नाही. पॅडचा छाप डिस्कवर बसतो. मालकांना हे सांगितलं, आणि गडावरून पुढच्या वेळी दुसऱ्या गिअरमध्ये उतरा, हेही.