मॅचमेकिंग आणि मोडलेला कान

ऑनलाइन गेममध्ये हरण्याचं मला फारसं वाटत नाही. डोकं फिरतं ते मॅचमेकिंगने, म्हणजे गेमच्या जोड लावणाऱ्या यंत्रणेने, कोणापुढे उभं केलं यानं. परवा समोर आलेल्या गड्याची लेव्हल बघावी तर अगदी तळातली, खातं कालपरवाचं, आणि नेम असा की मी खिडकीतून डोकावायच्या आत आडवा. अशा मुरलेल्या मंडळींना स्मर्फ म्हणतात. नवं खातं काढून नवख्यांना झोडपायला येतात. आणि माझ्या संघात कोण? एक जण मॅच सुरू होताच गायब, दुसऱ्याचा माइक उघडा आणि त्यातून कुकरच्या शिट्ट्या.

कोणाची जोड कोणाशी लावायची, ही गणितं मुळात बुद्धिबळातली. अर्पाद एलो या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांची रेटिंगपद्धत फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. दोघांत ४०० गुणांचं अंतर असेल तर वरचढ खेळाडूने ११ डावांत साधारण १० गुण मिळवावेत, असा तिचा हिशेब. पण तिथे एकास एक. इथे चौघं मिळून हरतो, तेव्हा घाण कोणी केली हे आकड्यांना काय कळणार? मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी एक्सबॉक्ससाठी ट्रूस्किल काढलं, त्यात प्रत्येकाचे दोन आकडे असतात: कसब किती, आणि त्या अंदाजाचा भरवसा किती. नव्या खात्याचा भरवसा कमी. स्मर्फचं फावतं ते तिथेच. त्यात सगळ्यांना घाई. पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, कमी हवा, मॅच झटपट लागायला हवी; अडनिड्या वेळी माणसं कमी असली की मग जो सापडेल त्याच्याशी गाठ.

आमच्याकडे जत्रेच्या फडात कुस्त्या जोडणारे जाणते पंच असतात. ते पोराचा खांदा चाचपतात, मान बघतात, आणि हळूच कानही बघतात. कान मोडलेला म्हणजे गडी तालमीत घासलेला. त्याची जोड कोवळ्या पोराशी लावत नाहीत, मग कुस्ती नारळावरची का असेना. सर्व्हरला कान दिसत नाही.

पण समजा, जोड चोख लागली. तरी पदरात काय? निम्म्या मॅच जिंका, निम्म्या हरा. मी सुधारलो की समोरचाही तसाच तयारीचा. नेम घोटून घोटून बोटं दुखली तरी निकाल तोच. वर २०१७ चा एक शोधनिबंध वाचनात आला. बरोबरीची जोड लावण्यापेक्षा खेळाडू गेम सोडून जाणार नाही अशी लावावी, असं त्यात सरळ मांडलंय. तेव्हापासून ओळीने मार खाऊन एखादी मॅच सहज जिंकलो की आनंदाआधी संशय येतो. समोरचे गडी नाकासमोर धावत होते, गोळी लागली तरी वळून बघत नव्हते. बॉटच असणार, म्हणजे संगणकानेच चालवलेले गडी.

स्क्रीनशॉट मात्र ग्रुपवर टाकतो. बॉटचं कोणी विचारलं तर सांगेन.