जुन्या मॅकबुकवर नवा पॅचर

माझ्या 2011 च्या तेरा इंची मॅकबुक प्रोला ॲपलने हाय सिएरा या मॅकओएसच्या आवृत्तीपाशीच थांबवलं. पुढे कॅटालिना आवृत्ती चालली ती डॉसड्यूड1 नावाच्या डेव्हलपरच्या पॅचरमुळे, म्हणजे ॲपलने वगळलेल्या मशीनवर नवी मॅकओएस चालवणाऱ्या साधनामुळे, आणि त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पण 2020 च्या बिग सरमध्ये सिस्टीमचा भाग सीलबंद झाला, म्हणजे त्यातल्या फाइल्स सहज बदलता येईनात, आणि तो पॅचर कॅटालिनापर्यंतच होता. म्हणून आता ओपनकोअर लेगसी पॅचर.

दोन्हींची रीत अगदी वेगळी. जुना पॅचर डिस्कवरच्या सिस्टीम फाइल्सच बदलायचा. ओपनकोअर ईएफआय पार्टिशनमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या डिस्कच्या छोट्या वेगळ्या भागात, बसतो आणि बरेचसे बदल मशीन सुरू होताना मेमरीत करतो. मला हे जास्त स्वच्छ वाटतं.

तरी ग्राफिक्सचं दुखणं राहतंच. या मशीनच्या इंटेल एचडी 3000 ग्राफिक्स चिपला मेटल, म्हणजे ॲपलची नवी ग्राफिक्स प्रणाली, येत नाही. मॉन्टेरी टाकल्यावर पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा खालचा डॉक पारदर्शक नव्हता आणि खिडकी ओढली की मागे अडखळत यायची. पॅचरमधून रूट पॅच, म्हणजे डिस्कवरच्या सिस्टीममध्येच करायचे बदल, लावून रीस्टार्ट केल्यावरच स्क्रीन ताळ्यावर आली. मेटल लागणारी ॲप्स मात्र अजूनही रुसलेलीच, नकाशे त्यातलेच.

अपडेट आला की सिस्टीम पुन्हा मूळ रूपात येते, म्हणजे रूट पॅच परत लावायचे. त्यामुळे आधी पॅचरची नवी आवृत्ती, टाइम मशीनचा बॅकअप, मगच अपडेट. आणि ओपनकोअर असलेली यूएसबी फॉरमॅट करू नका: डिस्कवरचा बूटलोडर, म्हणजे मशीन सुरू करून देणारा प्रोग्रॅम, बिघडला, तर सुरू करताना ऑप्शन की दाबून तिच्यावरूनच मशीन उठवता येतं.