चौघांतले दोघे

सातारा, २५ डिसेंबर

'इंडियन ओशन' बँडचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती गेले ती तारीख आजचीच, २५ डिसेंबर २००९. वय अवघं बावन्न. मी त्यांच्याशी कधी बोलले नाही, त्यांना पाहिलं तेही पुण्यात एका कॉलेजच्या मैदानावर, लांबून. तरी या दिवशी घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं आणि त्याची मला कधी लाज वाटलेली नाही.

सकाळी त्यांच्या बँडचं 'कंदीसा' लावलं. केरळातल्या सिरियन ख्रिश्चनांची ही जुनी प्रार्थना, अरामी भाषेतली. आमच्या घरात कुणाला त्यातला एक शब्द कळत नाही. पण आई देवापुढे बसली की अधूनमधून तीच म्हणते, "ते तुझं लांबलचक गाणं लाव गं." गाणं हळूहळू वर चढत जातं, मग सगळे मिळून आवाज सोडतात, आणि तिची जपमाळ त्या लयीत फिरायला लागते. ही प्रार्थना परक्या धर्माची आहे हे तिला मी सांगितलंय. तिला त्यात अडचण दिसली नाही.

'इंडियन ओशन' हा दिल्लीचा बँड. १९९० मध्ये सुस्मित सेन आणि असीम चक्रवर्ती या दोघांनी सुरू केला. वर्षभराने राहुल राम आले, १९९४ मध्ये अमित किलम. मला रॉक म्हटल्यावर जे ऐकवलं गेलं होतं त्यात आणि यांच्यात फार फरक होता. सुस्मितची गिटार मधेच अशी मींड घेते की आपण सतार ऐकतोय की काय असं वाटावं. असीमदा मांडी घालून तबल्यावर बसायचे आणि वाजवता वाजवताच गायचे. तबला वाजवत गाणं किती अवघड आहे हे आमच्या इथल्या भजनी मंडळात कुणालाही विचारा. हात एक हिशोब सांभाळतात आणि गळ्याला दुसरीकडे जायचं असतं. त्यांच्यात ते दोन्ही एकाच श्वासातून यायचं. आवाज जाड, थोडा खरबरीत, घासून पुसून चकचकीत केलेला नाही. अमित ड्रम्स सोडून मधेच गबगुबी घेतात, म्हणजे आपल्या चौंडक्याच्याच जातीचं वाद्य. यल्लम्माच्या जोगत्यांकडे ज्यांनी ते ऐकलंय, त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल.

मी या बँडपर्यंत पोचले ती मामेभावामुळे. तो मुंबईत माथाडी होता, पाटण-जावळीकडची कितीतरी माणसं असतात तशी. २००० मध्ये 'कंदीसा' अल्बम आला, त्याची कॅसेट तो यात्रेला येताना घेऊन आला. कुणा सोबत्याने दिली म्हणाला. त्याला ती फारशी आवडली नव्हती, म्हणून माझ्याकडे राहिली.

दुसरं गाणं 'मा रेवा' लागलं तेव्हा आई भाकरी थापत होती. नर्मदेचं लोकगीत आहे ते, तिच्या निर्मळ पाण्याचं. राहुल राम बँडमध्ये आले त्या काळात नर्मदा बचाव आंदोलनातही काम करत होते. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातल्या विषांवर पीएचडी करून आलेला माणूस खोऱ्यातल्या गावांत राहिला आणि तिथलं गाणं घेऊन आला. यातलं काहीच आईला ठाऊक नव्हतं. तिने काटवटीतला हात थांबवला आणि विचारलं, "कुठली नदी ही?"

"नर्मदा."

"तीबी अडवली आसंल."

मी तिच्याकडे बघत राहिले. गाण्यात धरणाचा एक शब्द नाही. नुसतं नदीचं कौतुक आहे. पण आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलंय, आणि कोयनामाईचं असं कौतुक आजी कोणत्या आवाजात करायची ते तिला माहीत आहे. नदीबद्दल इतक्या मायेनं गाणाऱ्या माणसांचं पुढं काय होतं, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

त्या संध्याकाळपासून मी या बँडची आहे.

२८ डिसेंबर

भाची सुट्टीला आलीय. पुण्यात शिकते, गिटार वाजवते, कान चांगला आहे तिचा. रात्री जेवणं झाल्यावर गच्चीत बसलो होतो, थंडी बरीच होती, अजिंक्यताऱ्यावरचे दिवे दिसत होते. ती म्हणाली, "मावशी, खरं सांगू? आता हा बँड राहिलाच कुठं? 'कंदीसा' वाजवणारे चौघं होते, त्यातले दोघेच उरलेत. ज्यांनी सुरू केला ते दोघं तर नाहीतच. नाव तेवढं तेच."

तिचा हिशोब चुकीचा नाही. असीमदा २००९ मध्ये गेले. सुस्मित २०१३ मध्ये बाहेर पडले, स्वतःचं संगीत करायला. राहुल आणि अमित राहिले. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आले, गायला हिमांशू जोशी, गिटारवर निखिल राव. असीमदांच्या एका जागेवर दोन माणसं बसवावी लागली, यातच सगळं आलं.

सुस्मित गेल्याची बातमी वाचली तेव्हा मला फार लागलं होतं. मरणापुढे इलाज नसतो, पण हे तसं नव्हतं. असीमदांनंतर जे उरलं होतं तेही आता सुटतंय असं वाटलं. कितीतरी महिने मी नवीन काही ऐकलंच नाही. मग पुण्यात त्यांना पुन्हा ऐकलं, नव्या माणसांसह. निखिलने 'मा रेवा' धरलं. सुस्मितची नक्कल त्याने केली नाही. जिथे सुस्मित स्वर ओढून धरायचे तिथे तो मोकळा पुढे गेला. हिमांशूंचा गळा असीमदांपेक्षा स्वच्छ, जास्त तालमीतला. पहिल्या दोन गाण्यांना मी हात बांधून उभी होते. तिसऱ्याला गात होते.

भाचीला मी आजोळचं सांगत बसले.

कोयनेचं धरण साठच्या दशकात भरलं. शिवाजीसागर म्हणून आज ज्यात बोटी फिरतात आणि तापोळ्याला, बामणोलीला पर्यटक फोटो काढतात, त्याखाली गावं आहेत. आईचं गाव त्यातलंच एक. काही घरं वर डोंगरात सरकली, रानात जागा करून राहिली. काही घाट उतरून रायगड, ठाण्याकडे गेली. माझे थोरले मामा वर सरकलेल्यांतले, धाकटे खाली गेलेल्यांतले. नंतर ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप झाला तेव्हा वरच्यांची नवी घरंसुद्धा पडली. म्हणजे एका पिढीत दोनदा घर उभं केलं या माणसांनी. पुनर्वसनाचे अर्ज-मोर्चे तर माझ्या आठवणीत कायमच आहेत. तिसरी पिढी आता कागद घेऊन फिरते.

पण गावाचं नाव दोन्हीकडे तेच आहे. खाली रायगडातल्या वस्तीवर पाटी लागलीय ती जुन्याच नावाची. वर डोंगरात जे राहिले तेही तेच नाव लावतात. देवीची मूर्ती वरच्यांनी नेली. खालच्यांनी तिचा टाक करून घेतला. यात्रा दोन्हीकडे एकाच तिथीला. धाकट्या मामांच्या मुलांनी मूळ गाव पाहिलेलंच नाही, पाहणं शक्यच नाही. तरी कुणी विचारलं की ती आजही त्याच गावचं नाव सांगतात. आमची आजी जिवंत असेपर्यंत दोन्हीकडचे लोक लग्न ठरलं की पत्रिका घेऊन तिच्याकडे यायचे, कारण देवक कोणतं, कुळाचार काय, कुणाच्या घरी पहिला मान, हे तिला पाठ होतं. जमीन गेली, ओटे गेले, हे राहिलं. आणि ते राहिलं ते कुणीतरी रोज सांभाळलं म्हणून. नुसत्या पाटीने राहिलं नसतं.

भाची म्हणाली, "मग खरं गाव कुठलं? वरचं का खालचं?"

"तुझ्या मामाआजोबांना विचार, भांडायलाच उठतील."

ती हसली. मी मात्र तिला मनापासून सांगितलं, की मला या बँडमध्ये जे धरून ठेवतं ते चार चेहऱ्यांपलीकडचं आहे. ही माणसं गाणं जिथून घेतात तिथलं नाव घेतात. 'हिल्ले ले' गोरख पांडेंचं आहे हे मला त्यांच्यामुळे कळलं, आणि मग मी त्या भोजपुरी कवीच्या कविता शोधून वाचल्या. कबीराचं 'झीनी', ते झिरझिरीत चादरीचं पद, त्यांनी घेतलं, तेव्हा आमच्याकडे कीर्तनात बुवा कबीराचे दोहे म्हणतात ते मी नव्याने ऐकायला लागले. कुणाची प्रार्थना, कुणाचं आंदोलनातलं गाणं, कुणाची चादर. सगळं उसनं आहे, आणि उसनं असल्याचं ते लपवत नाहीत. वाजवणारे बदलले तरी हा शिरस्ता मोडलेला नाही. तो मोडेल त्या दिवशी मी म्हणेन की बँड संपला.

राहुल राम कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मधे बोलतात खूप. काहींना ते नको वाटतं. मला ते हवं असतं, कारण गाण्याच्या आधी त्या गाण्याची माणसं समोर येऊन उभी राहतात. मणिबेली हे आपल्याच महाराष्ट्रातलं गाव, आज नंदुरबार जिल्ह्यातलं, नर्मदेवरच्या सरदार सरोवराच्या बुडितातलं. माझ्यासारख्या धरणग्रस्ताच्या मुलीलासुद्धा त्या नावामागची माणसं 'मा रेवा'पासून शोध घेत गेल्यावर समजली. शाळेत भूगोलाच्या पुस्तकात धरणांची उंची होती, साठवण होती, विजेचे मेगावॅट होते. कोयनेचेही होते. आम्ही ते पाठ करून मार्क मिळवले. आता मी वर्गात कोयना प्रकल्प शिकवते तेव्हा साठवण शंभरावर टीएमसी आहे हे सांगते, आणि त्यानंतर विचारते की कुणाकुणाच्या घरी बुडालेल्या गावाचं नाव घेतात. दर वर्षी हात वर होतात.

भाचीला सगळं पटलं असं नाही. तिचं म्हणणं, गाव आणि बँड या वेगळ्या गोष्टी, गाव माणूस सोडू शकत नाही, बँड सोडता येतो. विचार करण्यासारखं आहे. पण सुस्मितनी सोडला आणि तरी 'खजुराहो' ऐकताना मी त्यांचीच आहे. त्यांचं स्वतःचं काम आलं तेही मी तितक्याच ओढीने ऐकलं. निष्ठा एकाच ठिकाणी ठेवायला हवी असं मला वाटत नाही. वरच्या यात्रेलाही जाते, खालच्याही.

१ जानेवारी

पहाटे 'डेझर्ट रेन' लावलं. ते आजच्या तारखेचंच ध्वनिमुद्रण आहे. १ जानेवारी १९९७, दिल्लीत मंडी हाऊसबाहेर, 'सहमत'चा कार्यक्रम, पथनाट्यकार सफदर हाश्मींच्या आठवणीतला; 'सहमत' ही त्यांच्याच नावाची कलावंतांची संस्था. हाश्मींवर १ जानेवारी १९८९ ला साहिबाबादजवळ पथनाट्य चालू असताना हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यांच्यासाठी दर वर्षी कलाकार जमतात, त्यात हे चौघे वाजवायला आले होते. स्टुडिओ नाही. जे वाजलं ते तसंच अल्बममध्ये आलं.

मला हा अल्बम सगळ्यांत जवळचा आहे. 'कंदीसा' जास्त पूर्ण, जास्त घडवलेला आहे, हे मान्य. पण इथे चौघे एकमेकांकडे कान देऊन वाजवतायत हे ऐकू येतं. सुस्मित एक तुकडा टाकतात, असीमदा त्याला तबल्यावर झेलतात, मधे राहुलचा बेस जमीन धरून असतो. पुढे कुणी मरणार आहे, कुणी सोडून जाणार आहे, यातलं काहीच त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे, आणि म्हणून काही जागी डोळे भरून येतात.

असीमदांचा आवाज शेवटचा मिळतो तो '१६/३३० खजूर रोड'मध्ये. करोल बागेतल्या ज्या घरात त्यांची तालीम चालायची त्याचा हा पत्ता. ते गेल्यावर २०१० मध्ये बँडने ती गाणी इंटरनेटवर फुकट दिली, महिन्याला एक. पोवई नाक्याजवळच्या नेट कॅफेत बसून मी ती उतरवून घेतली होती. गाणं पूर्ण उतरायला वेळ लागायचा, पण दर महिन्याला त्यांच्याकडून काहीतरी येणार आहे याचा त्या वर्षात मोठा आधार होता. बँडने ते पैशासाठी केलं असतं तरी मी विकत घेतलं असतं. फुकट दिलं, म्हणजे साताऱ्यासारख्या गावातल्या मुलामुलींपर्यंतही ते पोचलं. याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

'तांदानू' मला तितकं भावत नाही. २०१४ चा अल्बम, प्रत्येक गाण्याला एक मोठा पाहुणा. शुभा मुद्गल, शंकर महादेवन, विश्वमोहन भट्ट. एकेकटं गाणं सुंदर आहे, पण पाहुणे आले की यजमान मागे राहतात. मला ते पाचजण हवे असतात. 'तू है' त्यानंतर नऊ वर्षांनी आला, २०२३ मध्ये, आणि त्यात मला माझा बँड परत मिळाला.

भाची दुपारच्या एसटीने पुण्याला गेली. निघण्याआधी तिने फोनवर एक गाणं लावून गिटार जुळवून घेतली आणि स्टँडवर जायला उशीर होईस्तोवर त्यातली एकच जागा पुन्हा पुन्हा वाजवत बसली. गाणं 'तांदानू'मधलं होतं.