जिथे गाडी बदलते, तिथले छायाचित्र

हाँगकाँगच्या चिम शा चुई भागात समुद्राला लागून लाल विटांचा आणि ग्रॅनाइटचा एक घड्याळ-मनोरा उभा आहे. त्याची उंची 44 मीटर आहे आणि त्या शहरात जाणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी त्याचे छायाचित्र काढतो. हा मनोरा कौलून-कँटन रेल्वेच्या अंतिम स्थानकाचा होता. 1975 साली ते स्थानक हुंग होमला हलवले गेले, जुनी इमारत पुढे पाडली गेली आणि लोकांच्या आग्रहामुळे मनोरा तेवढा वाचला. रेल्वेगाड्या, बोटी आणि बंदरे यांची छायाचित्रे घेत मी बरीच वर्षे हिंडलो आहे, आणि त्या हिंडण्यातून माझे एक ठाम मत झाले आहे. स्थानकांचे मनोरे, घुमट आणि दर्शनी भिंती बहुधा टिकतात. पण माणूस आणि माल एका वाहनातून दुसऱ्या वाहनात जातात ती जागा सर्वांत आधी नाहीशी होते, आणि छायाचित्रकाराने आपला वेळ तिच्यावरच खर्च करायला हवा.

चिम शा चुईला ते स्थानक धक्क्याच्या शेजारीच होते, कारण हाँगकाँग बेटावरून स्टार फेरीच्या बोटीने आलेल्या माणसाला उतरल्याबरोबर गाडी गाठता यावी. स्थानक गेले तरी धक्का आजही चालू आहे, आणि माझ्या मते खरे चित्र तिथे मिळते. निळ्या गणवेशातला खलाशी आकडीने दोर पकडतो, फळी खाली येते आणि गर्दी एकदम पुढे सरकते. या बोटीला पुढचे-मागचे असे टोक नसते, म्हणून ती परत निघताना वळत नाही. प्रवासीच बाकाची पाठ उलट बाजूला ढकलून तोंड फिरवून बसतात. ती पाठ फिरवणारा हात हे त्या धक्क्याचे माझ्या दृष्टीने सर्वांत बोलके चित्र आहे. त्याच कंपनीचा पलीकडच्या तीरावरचा जुना धक्का 2006 साली लोकांचा विरोध असतानाही पाडला गेला, ही गोष्ट तिथे उभे राहिल्यावर विसरता येत नाही.

इस्तंबूलचे हैदरपाशा स्थानक मला याहूनही अधिक जवळचे वाटते. जर्मन वास्तुरचनाकारांनी आशिया खंडाच्या काठावर बांधलेल्या या इमारतीच्या पायऱ्या थेट पाण्याकडे उतरतात. अनातोलियाच्या गावांतून रात्रभर प्रवास करून आलेला माणूस बोचके घेऊन त्या पायऱ्यांवर येई, समोर त्याला पहिल्यांदा इस्तंबूल दिसे, आणि बाजूच्या धक्क्यावरून तो बोटीने युरोपच्या बाजूला जाई. 2010 साली आगीत तिचे छप्पर जळाले. 2013 साली तिथल्या गाड्या बंद झाल्या, आणि त्याच वर्षी बॉस्फरसच्या तळाखालून मार्मराय बोगद्यातून गाड्या धावू लागल्या. दर्शनी भाग पाण्याकडे असल्यामुळे उतरत्या उन्हात तो उजळून निघतो, आणि कादिक्योयच्या बोटीवरून त्याचे सुंदर चित्र मिळते. पण बोचके घेऊन पायऱ्यांवर थबकलेला माणूस आता कोणालाच टिपता येणार नाही. ज्यांनी तो वेळेवर टिपला, त्यांच्या कामाचे मोल त्या सुंदर चित्रापेक्षा मला कितीतरी अधिक वाटते.

आपल्याकडे धनुष्कोडीचे उदाहरण याहून कठोर आहे. 1914 साली रामेश्वर बेटाला जोडणारा पांबनचा रेल्वेपूल झाल्यावर मद्रासहून निघालेली बोट मेल ही रेल्वेगाडी बेटाच्या टोकाला धनुष्कोडीपर्यंत जाई, तिथून आगबोट श्रीलंकेतल्या तलैमन्नारला आणि पुढे पुन्हा रेल्वेने कोलंबो. डिसेंबर 1964 च्या चक्रीवादळात स्थानक, धक्का आणि वाटेत असलेली प्रवाशांनी भरलेली गाडी, सगळेच गेले. आज वाळूत उभ्या असलेल्या भिंतींची असंख्य चित्रे निघतात, आणि ती निघावीतही. मात्र सामान गाडीतून बोटीत कसे जात असे, हे त्या भिंती सांगू शकत नाहीत. मुंबईत बॅलार्ड पिअरला बोटीवरून उतरून प्रवासी थेट पेशावरच्या फ्रंटियर मेलमध्ये बसत. ते स्थानकही आता राहिलेले नाही.

आता थोडे प्रत्यक्ष कामाविषयी. छताखालचा अंधार आणि फलाटाच्या टोकाचा लख्ख उजेड एकाच चौकटीत येतात, तेव्हा मी उजेडाचे मोजमाप घेऊन चित्र थोडे गडद ठेवतो, कारण जळून पांढरे झालेले आकाश नंतर परत आणता येत नाही. ट्रायपॉडला बहुतेक ठिकाणी परवानगी लागते आणि गर्दीत तो लोकांच्या पायांत येतो. त्याऐवजी खांबाला खांदा टेकवून एक पंधरांश सेकंदाचा वेग ठेवला, तर खांब स्थिर राहतो आणि माणसे वाहती दिसतात. येणाऱ्या गाडीवर फ्लॅश कधीही टाकू नये. चालकाचे डोळे दिपतात. ओझे उचलणाऱ्याचा चेहरा जवळून घ्यायचा असेल, तर ओझे खाली ठेवल्यावर त्याला विचारावे.

त्यासाठी परदेशीच जायला हवे असे मुळीच नाही. सातारा जिल्ह्यात कोयनेच्या जलाशयावर तापोळ्याला तराफा चालतो. त्यावर जीप, मोटारसायकली आणि माणसे एकत्र पलीकडे जातात. तिथे ना घुमट आहे, ना घड्याळ. पावसाळा संपताना पाणी रस्त्याला भिडलेले असते, आणि उन्हाळ्यात ते उतरत जाते तसा उतरण्याचा काठही खाली सरकत जातो. एकच जागा वर्षभर ठरावीक अंतराने टिपली, तर धक्का म्हणजे काय हे तिथे जितके स्पष्ट कळते तितके मला कोणत्याही मोठ्या बंदरात कळले नाही.

आणि मी सांगलीचा असल्यामुळे मिरजेविषयी लिहिल्याशिवाय राहवत नाही. 1971 साली पुण्याकडून ब्रॉडगेज आली, बेळगाव-हुबळीकडे मीटरगेज राहिली, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडून 1927 पासून बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज येतच होती. रुळांमधले अंतर अनुक्रमे 1676, 1000 आणि 762 मिलिमीटर. एका मापाचा डबा दुसऱ्या मापावर चालत नाही, म्हणून पुढे जाणारे प्रत्येक पोते हमालाच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसऱ्या वाघिणीत जाई. आषाढीला वारकरी छोट्या गाडीकडे धावत, आणि मिरजेच्या दवाखान्यांकडे निघालेल्या रुग्णांना नातेवाईक हाताला धरून फलाटावर उतरवत. आता सगळीकडे ब्रॉडगेज आहे. प्रवासाच्या दृष्टीने ते फार चांगले झाले, यात मला शंका नाही. तरीही त्या काळाची जी छायाचित्रे मी पाहिली, त्यांत इंजिने भरपूर आहेत आणि पोती बदलणारे हात फार थोडे.

सांगली, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी या भागांत ज्यांच्या घरी रेल्वेत नोकरी केलेली वडीलधारी माणसे आहेत, त्यांनी जुने अल्बम एकदा उघडून पाहावेत. लग्नाच्या वऱ्हाडाच्या किंवा बदलीच्या निरोपाच्या फोटोत मागे कुठेतरी मिरजेचे ते पोती बदलण्याचे यार्ड असण्याची शक्यता आहे. तसा फोटो सापडला तर मागे साल आणि फलाट पेन्सिलीने लिहून ठेवावा, आणि ते सांगणारे माणूस घरात असेल तर आजच विचारून घ्यावे.