आईला मनोरीच्या किनाऱ्यावर चालवलं, त्याची गोष्ट

आईच्या दोन्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला पाच महिने झाले होते. सोसायटीच्या आवारात फेऱ्या मारून ती कंटाळली होती. "एकदा समुद्राच्या कडेनं चालायचंय गं," एवढंच म्हणायची. आम्ही गोरेगावला राहतो. जुहूच्या गर्दीत तिला न्यायला जीव धजेना, म्हणून मनोरी ठरवलं. मालाडहून मार्वे, तिथून होडीनं खाडी ओलांडली की आलंच.

पहिल्या खेपेला सगळं चुकलं. रविवारी निवांत आवरून साडेअकराला किनाऱ्यावर पोचलो, तर पाणी पार वरपर्यंत आलेलं. उरली होती ती कोरडी, भुसभुशीत वाळू. दहा पावलांत आईची काठी रुतली आणि ती रडवेली झाली. माझ्या पोटात गोळाच आला.

परतीच्या होडीत शेजारी एक कोळीण मावशी बसल्या होत्या. त्यांनी आईची काठी पाहिली आणि म्हणाल्या, "आज पुनव हाय बाय. तिथी बघून यायचं." मग हिशेब सांगितला: तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. आम्ही नेमके ऐन भरतीला गेलो होतो. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला भरती तीनच्या सुमाराला, म्हणजे सकाळी नऊला पाणी आत गेलेलं आणि ओली, घट्ट वाळू उघडी. इतकी वर्षं मुंबईत राहून मला हे कुणी सांगितलं नव्हतं!

पुढची संकष्टी धरली. अडचण एकच होती. पूर्ण ओहोटीला होडी धक्क्याच्या खूप खाली जाते आणि खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं. आईला तिथून उतरवणं शक्यच नव्हतं. म्हणून उजाडायच्या आत मार्वेच्या धक्क्यावर पोचलो, पाणी बऱ्यापैकी असतानाच पलीकडे गेलो आणि परतायचं ठरवलं बारानंतर, पाणी पुन्हा चढल्यावर. पलीकडे किनाऱ्यापर्यंत रिक्षा मिळाली.

नऊ वाजता समोर लांबच लांब ओली वाळू होती, पावलाचा ठसा जेमतेम उमटेल इतकी घट्ट. आईनं चपला काढून माझ्या हातात दिल्या. आधी पाच मिनिटं चालली, मग बसली, मग पुन्हा उठली. मी घड्याळ लावलं होतं, ते बघायचंच राहिलं. एकूण पाऊण तास तरी चालली असेल. पाण्यात खोल मात्र जाऊ दिलं नाही. या बाजूच्या किनाऱ्यांवर, विशेषतः आक्साला, माणसं बुडाल्याच्या बातम्या येतच असतात.

गावात बोंबील वाळत घातले होते. बांबूंच्या वलांड्यांवर दोन-दोन बोंबील, एकमेकांच्या जबड्यात जबडा अडकवून टांगलेले. गाठ नाही, दोरा नाही. आई तिथे कितीतरी वेळ उभी राहिली. उपास असूनही "उद्याला होतील" म्हणून तिनं पाव किलो सुके बोंबील घेतलेच, आणि साबुदाण्याच्या डब्यापासून लांब, वेगळ्या पिशवीत ठेवायला लावले.

होडीत बसल्यावर मी म्हटलं, "आता पुढच्या संकष्टीला येऊ."

"महिनाभर कशाला थांबायचं?" आई म्हणाली. "विनायकीपण चतुर्थीच असते की."